आधी लगीन इंजिनाचं

पाकिस्ताननं २०१८ च्या जुलैमध्ये तुर्कस्तानशी ३० ‘टी-१२९’ अटॅक हेलिकॉप्टरांचा करार केला. सौदा साधारण दीड अब्ज डॉलरचा. मूळ आराखडा इटलीचा, जुळणी तुर्कस्तानात, आणि पोटात दोन इंजिनं सीटीएस-८०० जातीची. हे इंजिन बनवणारी एलएचटेक ही हनिवेल आणि रोल्स-रॉइस यांची भागीदारी. त्यामुळे ते कुणा तिसऱ्याला विकायचं तर वॉशिंग्टनचा परवाना लागतो. तुर्कस्तान तेव्हा रशियाकडून एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं घ्यायला निघालेला, आणि पाकिस्तानशी अमेरिकेचं फाटलेलं. परवाना काही आला नाही. पाकिस्ताननं मुदत वाढवून दिली, पुन्हा वाढवून दिली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या लष्करी प्रवक्त्यानं आपण चीनकडे वळल्याचं सांगून टाकलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुलतानला चिनी झेड-१०एमई दाखल झाली. करार केल्यापासून सात वर्षांनी हेलिकॉप्टर आलं आणि तेही भलतंच.

गंमत अशी की याच टी-१२९ ची छोटी ऑर्डर फिलिपिन्सनंही दिली होती. त्यांना परवाना मिळाला आणि मार्च २०२२ मध्ये पहिली दोन हेलिकॉप्टरं मनिलाच्या ताब्यात गेलीसुद्धा. यंत्र तेच, इंजिन तेच. फरक फक्त गिऱ्हाईक कोण आहे याचा.

आपल्याकडे या प्रकरणावर बरंच हसून झालं. मीही हसलो. पण सीटीएस-८०० हे नाव ऐकून बंगळूरूमधल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी विमान कंपनीतल्या जुन्या मंडळींना हसू आलं नसावं. कारण या इंजिनानं पाकिस्तानच्या कितीतरी आधी आपल्याला दगा दिलेला आहे.

‘ध्रुव’ हेलिकॉप्टर अजून नुसतं एएलएच या नावानं ओळखलं जात होतं तेव्हाची गोष्ट. पहिला नमुना १९९२ मध्ये फ्रेंच टीएम-३३३ इंजिनांवर उडाला. पण हे वजन, ही उंची आणि हा उन्हाळा यांना ते इंजिन कमी पडणार हे दिसत होतं. म्हणून अधिक ताकदीचं सीटीएस-८०० निवडलं गेलं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये नौदलासाठीचा नमुना त्यावर उडालादेखील. मग मे १९९८ मध्ये पोखरण झालं, अमेरिकेचे निर्बंध आले आणि इंजिन बंद. त्याच निर्बंधांत आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरंही सुट्या भागांअभावी अडकली. ती ब्रिटिशांनी बनवलेली होती, पण आतले काही भाग अमेरिकी. एएलएच पुन्हा दुबळ्या टीएम-३३३ वर आलं आणि सुरुवातीची ध्रुव त्याच इंजिनावर लष्कराला मिळाली.

यातून एक बरी गोष्ट घडली. फ्रान्सनं निर्बंधांत भाग घेतला नव्हता. त्यांच्या टर्बोमेका कंपनीबरोबर (आजची साफ्रान) एचएएलनं २००३ मध्ये करार केला आणि दोघांनी मिळून नवं इंजिन बनवलं. फ्रेंच त्याला आर्डिडेन म्हणतात, आपण ‘शक्ती’. आज ध्रुव, त्याचा शस्त्रसज्ज भाऊ रुद्र आणि हलकं अटॅक हेलिकॉप्टर प्रचंड ही तिन्ही हेलिकॉप्टरं शक्तीवर उडतात आणि हे इंजिन बंगळूरूमध्ये तयार होतं. १९९८ मध्ये ते अमेरिकी इंजिन सुरळीत मिळत राहिलं असतं तर शक्ती जन्मलं असतं का, याची मला दाट शंका आहे. गरज पडल्याशिवाय आपण इंजिनाला हात घालत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं की लष्करासाठी अटॅक हेलिकॉप्टर निवडताना आपण प्रश्नांचा क्रम उलटा लावतो. तोफ केवढी, क्षेपणास्त्रं किती, रडार कुठलं, रात्री दिसतं का, किंमत काय, हे सगळं विचारून झालं की शेवटी कधीतरी इंजिनाची चौकशी होते. खरं तर ती आधी व्हायला हवी. हे इंजिन कोण बनवतो, ते कोण अडवू शकतो, आणि बिघडलं तर ते उघडायची परवानगी कुणाला आहे, यांची उत्तरं मिळाल्यावर मग तोफेकडे वळावं.

इंजिनाला एवढा मान का, हे कळायला डोंगरात जावं लागतं. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरते. पात्यांना रेटायला हवा कमी आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी, अशी दुहेरी मार. त्यात दुपारचं ऊन असलं की हवा आणखी विरळ होते. सपाटीवर बाराशे किलो सहज उचलणारं यंत्र तिथं स्वतःचंच वजन कसंबसं सांभाळतं. वैमानिक मग इंधन कमी भरतो, रॉकेटं कमी घेतो. कागदावरची सगळी शस्त्रं खाली हेलिपॅडवर राहतात आणि वर जातं ते नुसतं हेलिकॉप्टर.

कारगिलमध्ये हेच झालं. आपल्याकडची खरी अटॅक हेलिकॉप्टरं, रशियन एमआय-२५ आणि एमआय-३५, त्या उंचीवर कामाची नव्हती. म्हणून मालवाहू एमआय-१७ ला रॉकेटं लावून पाठवावं लागलं. २८ मे १९९९ रोजी त्यांतलं एक तोलोलिंगच्या परिसरात खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं आणि आतले चौघेही गेले. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून ही हेलिकॉप्टरं काढून घेण्यात आली. ‘प्रचंड’ची कल्पना या चौघांच्या मरणातून पुढे आली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मार्च २०१० मध्ये ते पहिल्यांदा उडालं, पुढे सियाचीनमध्ये उतरून दाखवलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला हवाई दलात आलं. जास्तीत जास्त वजन ५.८ टन. अमेरिकी अटॅक हेलिकॉप्टर अपाचे दहा टनांच्या वर जातं. वर डोंगरात हा फरक तोफेच्या व्यासापेक्षा मोठा ठरतो.

अपाचेला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. रणगाड्यांच्या ताफ्यावर तुटून पडायचं तर जगात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. राजस्थान किंवा पंजाबच्या सपाटीवर ते काय करू शकतं हे सांगायला नको. हवाई दलानं २०१५ च्या करारातून २२ घेतली, ती २०२० पर्यंत पोहोचलीही. लष्कराची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२० मध्ये सहा अपाचेंचा करार झाला. मार्च २०२४ मध्ये जोधपूरला त्यांच्यासाठी स्क्वाड्रन उभारलं गेलं. वैमानिक तयार, तंत्रज्ञ तयार, हँगर तयार, आणि हेलिकॉप्टर एकही नाही, अशा अवस्थेत ते स्क्वाड्रन वर्षाहून जास्त बसून होतं. पहिली तीन आली जुलै २०२५ मध्ये, उरलेली त्या वर्षाच्या अखेरीस. मधल्या काळात ऑपरेशन सिंदूर होऊन गेलं.

सहा हेलिकॉप्टरं म्हणजे किती, तर एखाद-दुसरं नेहमी देखभालीत असतं हे धरलं तर उडायला चार. या चारांसाठी वेगळं इंजिन, वेगळे सुटे भाग, वेगळं प्रशिक्षण, वेगळी हत्यारं आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीसाठी सातासमुद्रापार पत्रव्यवहार. आणखी अपाचे घ्यावीत अशी मागणी अधूनमधून डोकं वर काढते. तिला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण अपाचेची गुणवत्ता नाही. अशा छोट्या छोट्या खरेद्यांमधून आपल्याकडे कुठलीच उत्पादन साखळी तयार होत नाही आणि विकणाऱ्यालाही आपल्याला रांगेत पुढे घ्यायचं काही कारण उरत नाही.

इंजिन अडण्याचे खरं तर दोन प्रकार आहेत आणि आपण फक्त पहिल्याचीच चर्चा करतो. पहिला, कुणीतरी मुद्दाम अडवतो, जसं १९९८ मध्ये झालं. यात निदान शत्रुत्व तरी उघड असतं. दुसऱ्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो, पण इंजिन येत नाही. तेजस मार्क-१ए बघा. विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या जीई कंपनीला ९९ एफ-४०४ इंजिनांची ऑर्डर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पहिलं इंजिन हाती पडलं मार्च २०२५ मध्ये. कंपनीचं स्पष्टीकरण असं की आधीची ऑर्डर २०१६ मध्ये पुरी झाली, नवी दिसेना, म्हणून आम्ही ती लाइन बंद केली. ती पुन्हा सुरू करायला वेळ लागला. यात त्यांचं काय चुकलं? पाच वर्षं गिऱ्हाईक फिरकलंच नाही तर दुकानदार भट्टी पेटती ठेवत नाही. (तेजसच्या उशिराचं सगळं खापर इंजिनावर फोडू नये, बाकीची कामंही मागे होती.) ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस उडालं तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण ओझरची लाइन कितीही जोरात चालली तरी तिचा वेग मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यातून ठरणार आहे.

मार्च २०२५ मधला निर्णय या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. संरक्षण मंत्रालयानं एचएएलशी १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांचे करार केले, ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला, कर वगळून ६२,७०० कोटी रुपयांचे. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल तोंड वाकडं करणारे बरेच भेटले. त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. प्रचंड दाखल झालं तेव्हा त्याच्यावर २० मिलिमीटरची तोफ, ७० मिलिमीटरची रॉकेटं आणि हवेतून हवेत मारा करणारी फ्रेंच मिस्त्राल क्षेपणास्त्रं होती, पण रणगाडा फोडणारं क्षेपणास्त्र नव्हतं. रणगाडाभेदी क्षेपणास्त्राविना अटॅक हेलिकॉप्टर म्हणजे आख्खा संसार मांडला आणि चूलच राहिली, असला प्रकार. ध्रुवच्या ताफ्याला जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर काही महिने जमिनीवर बसावं लागलं, तेही सगळ्यांच्या लक्षात आहे. हे दोष एचएएलच्या पदरात टाकायलाच हवेत. पण ते दूर करणं आपल्या हातात आहे. क्षेपणास्त्र उद्या बसवता येतं, भाग बदलता येतो, त्यासाठी कुणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. १५६ हेलिकॉप्टरं म्हणजे बसवलेली इंजिनंच ३१२, राखीव वेगळी. एवढ्या मागणीवर इंजिनाची लाइन वर्षानुवर्षं तापलेली राहते. तेजसच्या इंजिनाचं जे झालं ते इथं होऊ नये, याची खरी हमी या आकड्यात आहे.

आता शक्तीकडे जरा कडक नजरेनं पाहू. हे इंजिन आपलं आहे का? अर्धं आहे. त्याची बौद्धिक मालकी, गाभ्याचा आराखडा आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर यांत साफ्रानचा शब्द चालतो. आज फ्रान्सशी आपलं उत्तम आहे. पण याच फ्रान्सनं रशियासाठी बांधून तयार असलेल्या दोन युद्धनौका क्रिमियानंतर द्यायच्या नाकारल्या आणि २०१५ मध्ये तो करारच मोडीत काढला. त्या नौकांचा वर्गही मिस्त्रालच, आपल्या क्षेपणास्त्राचा नावबंधू. फ्रान्सनं ते केलं यात नैतिकदृष्ट्या मला काही वावगं वाटत नाही. पण दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्यानं ओंजळीकडे लक्ष ठेवायचं असतं, ती कितीही मायेची असो.

युक्रेन आणि रशिया यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. रशियन हेलिकॉप्टरांची इंजिनं दशकानुदशकं युक्रेनच्या मोटर सिच कारखान्यातून यायची. दोन्ही देश एकाच घरातले, इतके की वेगळं व्हायचा विचारच कुणी केला नव्हता. २०१४ मध्ये पुरवठा तुटला आणि रशियाला सेंट पीटर्सबर्गच्या क्लिमोव्ह कारखान्यात ती इंजिनं स्वतः बनवायची घाई करावी लागली. युद्धनौकांच्या टर्बाइनचंही तेच. आपल्यासाठी रशियात बांधलेल्या ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ या फ्रिगेटांची इंजिनं युक्रेनची होती, आणि ती रशियाला मिळेनात म्हणून आपणच विकत घेऊन रशियाला नेऊन दिली. म्हणजे घर बांधणारा गवंडी त्याचा, विटा आपल्या, आणि विटांचा भट्टीवाला गवंड्याचा वैरी!

चीननं काय केलं ते मात्र मन लावून वाचावं. झेड-१० चे सुरुवातीचे नमुने कॅनडात बनलेल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांवर उडाले. नागरी हेलिकॉप्टरासाठी म्हणून इंजिनं गेली, त्यांचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर अमेरिकेत सुधारलेलं होतं, आणि हे सगळं लष्करी यंत्रासाठी चाललंय हे उघड झाल्यावर २०१२ मध्ये त्या कंपनीसमूहाला अमेरिकेत साडेसात कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. त्या चोरवाटेचं कौतुक नको. पण पुढचं पाऊल पाहा. उत्पादनाची वेळ आली तेव्हा चीननं आपलं स्वतःचं डब्ल्यूझेड-९ बसवलं. ते कमी ताकदीचं होतं. मग हेलिकॉप्टराचं वजन छाटलं, क्षमता कमी करून घेतली, वर्षानुवर्षं दुय्यम यंत्र वापरलं आणि दरम्यान इंजिन सुधारत राहिले. आज तेच हेलिकॉप्टर निर्यात होतंय, तेही आपल्या शेजारी.

आपलं लष्कर हे करेल का? माझा अनुभव असा की निवृत्त अधिकाऱ्यांशी गप्पा मारताना हा विषय काढला की बैठक तापते. ‘आमच्या पोरांनी दुबळ्या इंजिनावर का उडायचं? तुमच्या आत्मनिर्भरतेसाठी?’ हा प्रश्न मी दोनदा ऐकलाय आणि दोन्ही वेळा माझ्याकडे तोंडावर मारायला उत्तर नव्हतं. सियाचीनमध्ये दहा टक्के ताकद कमी पडली तर तिथं खर्ची पडतो तो जीव, धोरण नव्हे. म्हणून मला वाटतं की तिथं तडजोड करूच नये. डोंगरात शक्तीच राहू द्या. पण आपला सगळा देश काही डोंगराळ नाही. एचएएल गेली कित्येक वर्षं एचटीएसई-१२०० नावाचं स्वतःचं १२०० किलोवॉटचं टर्बोशाफ्ट इंजिन चाचणी-बाकावर चालवतंय. ते सपाटीवरच्या ध्रुववर, नागरी कामांसाठी, प्रशिक्षणासाठी, किनाऱ्यावरच्या फेऱ्यांसाठी का उडू नये? इंजिन बाकावर बसून शहाणं होत नाही. ते हजारो तास उडून, धूळ खाऊन, बिघडून आणि उघडून शहाणं होतं.

कठीण काय आहे हे बघायचं तर टर्बाइनचं एक पातं हातात घ्यावं. बोटाच्या दोन पेरांएवढं असेल. त्याच्याभोवतीचा वायू त्याच्या धातूच्या वितळबिंदूच्या जवळ किंवा पलीकडे तापलेला असतो, आणि पातं मिनिटाला हजारो फेरे मारत असतं. साध्या धातूत सूक्ष्म कण एकमेकांना चिकटलेले असतात आणि उष्णतेत ते सांधेच आधी सुटतात. म्हणून सबंध पातं एकाच स्फटिकातून, एकही सांधा न ठेवता वाढवतात. ही कला मोजक्या देशांकडे आहे आणि कुणीही ती वाटत नाही. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेनं एप्रिल २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठीची अशी ६० पाती एचएएलला दिली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. अपाचे उतरलं की पहिल्या पानावर रंगीत छायाचित्र असतं.

साफ्रान आणि एचएएल यांनी आता सॅफहाल नावाची संयुक्त कंपनी काढली आहे आणि पुढच्या १३ टनी हेलिकॉप्टरासाठी ‘अरवली’ इंजिन बनवायचं ठरलंय. कानाला नाव छान वाटतं. पण शक्तीच्या वेळी जे राहून गेलं ते यावेळी करारात लिहून घ्यायला हवं. गरम भागातले सुटे भाग इथं ओतायचे, नियंत्रणाचा मूळ कोड इथं ठेवायचा, आणि आतला एखादा अमेरिकी भाग उद्या थांबला तर पर्याय कुणी, किती महिन्यांत द्यायचा, हे सगळं. वाटाघाटीत ही कलमं नेहमी शेवटी येतात आणि तोवर सगळे दमलेले असतात.

आणखी एक आक्षेप हमखास येतो, तोही दोन ओळींत निपटतो. युक्रेनमध्ये रशियन हेलिकॉप्टरं पडली, जपाननं आपली अटॅक हेलिकॉप्टरं ड्रोनच्या बाजूनं मोडीत काढायचं ठरवलं, अमेरिकेनं नव्या टेहळणी-हल्ला हेलिकॉप्टराचा कार्यक्रम २०२४ मध्ये गुंडाळला. मग आपण हे सोंग कशाला आणतोय? कदाचित वीस वर्षांनी नकोही असेल. पण सोळा हजार फुटांवर वजन घेऊन जाणाऱ्या ड्रोनलाही इंजिन लागतंच, आणि तेही कुणाच्या तरी परवान्यावरच येतं.

पाकिस्तानची बारा एएच-१झेड वायपर हेलिकॉप्टरं अमेरिकेत बांधून तयार झाली होती. २०१५ मध्ये मंजूर झालेला सौदा. २०१८ मध्ये मदत थांबली आणि ती अॅरिझोनाच्या वाळवंटात, निवृत्त विमानांच्या रांगांमध्ये नेऊन ठेवली गेली. इंजिनांसकट, सगळी कोरी.